आधी तिचा कोपरा, मग पिल्लाशी मैत्री

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात छोट्या जातीचं कुत्रं बहुधा शहरातून येतं. जालना, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात राहणाऱ्या नातेवाइकानं हौसेनं पामेरियन घेतलेलं असतं. मग बदली होते, घरात तान्हं बाळ येतं, घरमालक कटकट करतो. "तुमच्याकडं मोकळं अंगण आहे, तुम्हीच सांभाळा," म्हणून ते गावाकडे पोचतं. काही जण मुंबईत १९८५ पासून काम करणारी 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' किंवा पुण्यातली 'रेस्क्यू' अशा संस्थांकडून रीतसर दत्तकही घेतात. कसंही आलेलं असो, दोन-तीन घरं बदललेलं कुत्रं बुजलेलं असतं. आणि इकडे अंगणात गावठी कुत्रीचं तीन-चार महिन्यांचं पिल्लू आधीच धुमाकूळ घालत असतं.

घरच्यांना वाटतं, दोघांना एकमेकांची सोबत होईल. होतेही. पण ती होण्याआधीच्या काही आठवड्यांत माणसं घाई करतात आणि काम बिघडतं. "ओळख होऊ द्या" म्हणत पिल्लाला थेट नव्या कुत्रीच्या अंगावर सोडलं जातं, ती बाजेखाली जाऊन बसते, आणि मग "ही कुत्री माणूसघाणी आहे" असा शिक्का बसतो. बुजरं कुत्रं ढकलून धीट होत नाही. त्याला नको असलेली गोष्ट आपण थांबवली, पुन्हा पुन्हा थांबवली, तरच त्याचा धीर वाढतो. पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका गोष्टीभोवती आहे.

बोलायच्या सोयीसाठी नव्यानं आलेल्या कुत्रीला चिमी म्हणू आणि पिल्लाला वाघ्या.

आणण्याआधी काय विचाराल

आधीच्या मालकाकडून लसीकरणाचं कार्ड मागून घ्या. चिमी काय खाते, कधी खाते, कुठे झोपते, कशाला भिते, हे विचारा. काठी, झाडू, मोटारसायकलचा आवाज, लहान मुलं, पुरुषांचा चढा आवाज यांपैकी कशानं ती दबते हे कळलं की निम्मं काम सोपं होतं. तिचं जुनं अंथरूण न धुता तसंच आणा. सगळं अनोळखी असताना तेवढा एकच वास तिचा स्वतःचा असतो. पहिला आठवडा तिला सवयीचं अन्नच द्या. नवं अन्न थोडं थोडं मिसळत बदला, नाहीतर पोट बिघडतं.

गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या. घाबरलेलं कुत्रं मागे ओढत मान काढून घेतं, पट्टा आपल्या हातात राहतो आणि कुत्रं रानात पसार होतं. पहिल्या काही आठवड्यांत हीच भीती सर्वांत मोठी असते. फाटकाखालची फट, कुंपणाचं भोक, मागच्या दाराची मोडकी कडी आधीच नीट करून घ्या. अंगणातसुद्धा सुरुवातीला तिला हलक्या, लांब दोरीवरच सोडा.

पहिले दोन आठवडे वेगळं बिऱ्हाड

दोघांना पहिले चौदा दिवस वेगळं ठेवण्यामागे पक्कं वैद्यकीय कारण आहे. पार्वो हा विषाणू पिल्लांचा जीव घेतो. तो जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि बाहेरून आलेल्या कुत्र्याबरोबर किंवा आपल्या चपलांबरोबरही घरात येतो. वाघ्याच्या लसी पूर्ण नसतील तर नव्या कुत्र्याशी लगेच अंगलगट नको. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुढच्या मात्रा, अशा किमान सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत द्याव्या लागतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात सुरू होते, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा द्यावी लागते. चिमीचं कार्ड नसेल तर तिचंही लसीकरण नव्यानं करून घ्या. दोघांनाही जंताचं औषध वजनाप्रमाणे द्या.

गावच्या किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गायी-म्हशी, बैल, शेळ्या येतात. कुत्र्यांची लस शिल्लक आहे का, हे आधी विचारूनच निघा. शहरातून लस आणायची असेल तर ती २ ते ८ अंश सेल्सियसला राहिली पाहिजे. बर्फाच्या डब्याशिवाय, एसटीच्या उन्हात पिशवीतून आणलेली लस टोचूनही उपयोग नाही. अवघड दुखण्यासाठी मराठवाड्यात परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही लक्षात असू द्या.

लसीसाठी जाल तेव्हा डॉक्टरांना चिमीबद्दल एक प्रश्न मुद्दाम विचारा: हिला कुठे दुखतंय का? छोट्या जातींमध्ये दात किडणं, हिरड्या सुजणं आणि मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकणं वारंवार आढळतं. चालता चालता ती मध्येच एक मागचा पाय उचलून उड्या मारत असेल, तर अंगावर उडी घेणारं पिल्लू तिला खरोखरच वेदना देतं. अशा वेळी स्वभावाआधी दुखण्यावर उपचार हवेत.

डॉक्टर सांगतात ते चौदा दिवस चिमीच्या मनासाठीही लागतातच. तिला घराचे आवाज, माणसांची ये-जा, जेवणाच्या वेळा कळतात, आणि तेवढ्यात कुणी अंगावर येत नाही.

तिचा कोपरा

चिमीला स्वतःची एक जागा द्या. आतल्या खोलीतली बाजेखालची जागा, भिंतीकडेचा पुठ्ठ्याचा मोठा खोका, एका बाजूनं गोधडी सोडलेलं टेबल, काहीही चालेल. जागा वर्दळीच्या दाराजवळ नको आणि बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं ठेवलेल्या खोलीत तर मुळीच नको. चौकटीत आडवी फळी किंवा जाळी लावा, म्हणजे वाघ्या दिसेल, पण आत येणार नाही.

या कोपऱ्याचा नियम एकच: ती आत असताना कुणीही हात घालायचा नाही. मुलांनी नाही, पाहुण्यांनी नाही, "बघू बघू किती गोड आहे" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनी नाही. झाडायचं असेल, अंथरूण बदलायचं असेल, तर ती बाहेर आल्यावर. तिला ओढून बाहेर काढलं की तिच्या लेखी ती जागा संपली. मग ती याहून अवघड जागा शोधते, पोत्यांच्या थप्पीमागे किंवा कपाटाच्या फटीत जाते, आणि तिथून काढताना चावा बसतो.

तिच्याशी ओळख वाढवायची तर रोज ठरलेल्या वेळी कोपऱ्यापासून थोडं लांब, तिच्याकडे तिरकं बसून भाजी निवडा, पेपर वाचा. नजरेला नजर देऊ नका. मध्येच उकडलेल्या चिकनचा किंवा अंड्याचा छोटा तुकडा तिच्या बाजूला टाका आणि विसरून जा. ती आपण होऊन येऊन हात हुंगेल त्या दिवशीही लगेच डोक्यावर हात फिरवू नका. छातीला किंवा मानेच्या बाजूला दोनदा खाजवा आणि हात मागे घ्या. तिनं पुन्हा अंग पुढे केलं तरच पुन्हा खाजवा.

आधी वास, मग नजर, मग भेट

कुत्र्याची ओळख नाकातून होते. पहिल्या आठवड्यात चिमीचं फडकं वाघ्याच्या जागेजवळ आणि वाघ्याचं तिच्या जागेजवळ ठेवा, मात्र डॉक्टरांनी दोघं निरोगी असल्याचं सांगितल्यावरच. फडक्याशेजारी खाऊ ठेवला की त्या वासाबरोबर चांगलं काहीतरी येतं, हे दोघांना कळतं. मग फळीच्या अल्याड-पल्याड, लांबून, दोघांना एकाच वेळी खायला घाला. चिमी खायची थांबली तर अंतर फार कमी झालंय असं समजा आणि ताटली मागे घ्या.

चौदा दिवस झाले, वाघ्याच्या लसी पूर्ण झाल्या, की पहिली भेट घराबाहेर करा. सकाळी लवकर, गावातली कुत्री नसतील अशा गाडीवाटेवर दोन माणसांनी दोघांना वेगवेगळ्या दोरीनं घेऊन निघा. समोरासमोर आणायचं नाही. पंधरा-वीस फूट अंतर ठेवून दोघांनाही एकाच दिशेनं चालवा. वाघ्या आधी दोरी ताणेल, मग बांधावरचं गवत हुंगू लागेल. चिमी सुरुवातीला अंग चोरून चालेल. तीही जमीन हुंगू लागली की अंतर थोडं कमी करा. मग वाघ्या पुढे आणि चिमी मागे, असं तिला त्याचा माग हुंगू द्या. तोंडाला तोंड लावण्यापेक्षा मागून हुंगणं कुत्र्यांना सभ्य वाटतं. दोघं जवळ आले तर दोरी सैल ठेवा, मनात तीनपर्यंत मोजा, आणि हसऱ्या आवाजात दोघांना आपापल्या बाजूला बोलवा. पहिल्या दिवशी एवढं पुरे. भेट बरी चाललेली असतानाच संपवायची असते.

तिच्या अंगावरची भाषा वाचा

चिमी भुंकण्याच्या कितीतरी आधी बोलत असते. ती जिभेनं नाक चाटते, झोप नसताना जांभई देते, मान वळवते, पुढचा एक पाय अधांतरी धरते. नॉर्वेच्या प्रशिक्षक टुरिड रुगास यांनी अशा खुणा नीट पाहून त्यांची मांडणी केली, आणि जगभरचे प्रशिक्षक आज त्या वापरतात. भीती वाढली की कान मागे जातात, डोळ्यांची पांढरी कड दिसू लागते, अंग ताठ होतं. पामेरियनची शेपूट एरवी पाठीवर वळलेली असते. ती खाली उतरली, की तिथेच थांबा आणि वाघ्याला मागे घ्या.

वाघ्या पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर करतो, ते खेळाचं आमंत्रण. चिमीनं मान फिरवली, तर तिचं उत्तर 'नको' आहे. पिल्लाला ते कळत नाही, म्हणून तो पुन्हा उडी घेतो. इथे माणसानं मध्ये पडायचं. ओरडायचं नाही, मारायचं नाही. दोघांच्या मध्ये जाऊन उभं राहायचं आणि वाघ्याला दुसऱ्या कामाला लावायचं. असं दहा वेळा घडलं की चिमी तुमच्याकडे बघू लागते. आपलं कुणीतरी ऐकतंय हे तिला कळलेलं असतं.

ती गुरगुरली तर रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. त्यासाठी मार बसला तर पुढच्या वेळी ती न गुरगुरता थेट चावते. तिनं गुरकावल्यावर पिल्लू मागे सरलं तर उत्तम, तोही शिकतोय. तो मागे सरत नसेल, ती थरथरत असेल, किंवा तिच्या सूचनेचं रूपांतर झटापटीत होत असेल, तर लगेच वेगळं करा आणि पुन्हा फळीच्या पायरीवर या.

वजनाचंही भान ठेवा. आज चिमी आणि वाघ्या एकसारखे दिसतात. वर्षभरात गावठी कुत्रा पंधरा-वीस किलोचा होतो, चिमी पाच-सहा किलोचीच राहते. आज अंगावर पाय टाकायची मुभा दिली तर उद्या त्याच खेळात तिचं हाड मोडू शकतं. सुरुवातीचे काही महिने दोघांना देखरेखीशिवाय एकत्र सोडू नका.

ताटली, झोप आणि तुमचा वेळ

भांडणं बहुतेक अन्नावरून लागतात. दोन ताटल्या, दोन परळ पाण्याचे, दोन खोल्या. चिमी सावकाश खाते, वाघ्या गपकन संपवून तिच्याकडे धावतो, म्हणून तिचं जेवण दाराआड. जेवण झालं की ताटल्या उचला. हाड, चघळायची वस्तू असं हवंहवंसं काहीही दोघांसमोर एकत्र टाकू नका.

चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा खायला द्या. नुसती दूध-भाकरी वाढत्या पिल्लाला पुरत नाही. अंडं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, डाळ-भात अशी जोड हवी. तिखट रस्सा नको. कांदा, लसूण, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं दोघांनाही वर्ज्य. द्राक्षं आणि मनुकेही विषारी आहेत. कडवंचीची द्राक्षं आपल्या जिल्ह्यात हंगामात सहज मिळतात, तेव्हा मुलांना हे आवर्जून सांगा.

पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. झोप झाली नाही की ते चिडतं आणि चावत सुटतं. दुपारी वाघ्याला त्याच्या जागी झोपवलं की त्या वेळात घर चिमीचं होतं. मग ती बाहेर येते, अंगणात फिरते, तुमच्याजवळ बसते. रोज असा थोडा वेळ तिला एकटीला मिळालाच पाहिजे. नवी आली म्हणून सगळं लक्ष तिच्यावर आणि वाघ्या दिवसभर साखळीला, असंही करू नका. बांधून ठेवलेलं पिल्लू सुटलं की दुप्पट जोरानं तिच्यावर झेपावतं.

वाघ्याचं शिक्षण हीच चिमीची सोय

अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिलं, की साधारण तीन ते बारा आठवड्यांच्या वयात पिल्लू ज्यांच्या सहवासात येतं, त्यांची भीती त्याला पुढे वाटत नाही. चिमीचं हे वय कुठल्यातरी पिंजऱ्यात किंवा बंद फ्लॅटमध्ये गेलेलं असू शकतं. म्हणून काही गोष्टींना ती आयुष्यभर बिचकेल. ते मान्य करा. वाघ्याचं वय मात्र अजून शिकण्याचं आहे, तेव्हा बदलण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवा.

नावानं बोलावलं की येणं, 'बस' म्हटलं की बसणं, 'सोड' म्हटलं की सोडणं, या तीन गोष्टी त्याला पाच-पाच मिनिटांच्या धड्यांत, खाऊ देऊन शिकवा. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात त्याचे दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के दात येतात. तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि तो दिसेल ते चावतो. जाड सुती दोराची गाठ किंवा थंड गाजर द्या. चिमीला भेटण्याआधी त्याला शेतात पळवून आणा. त्याचा जोर ओसरला की दोघांची गाठ जास्त शांतपणे पडते.

वाघ्या नर असेल तर सहा महिन्यांच्या पुढे तो वयात येऊ लागतो. चिमीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर डॉक्टरांशी वेळीच बोला. मोठ्या कुत्र्यापासून गाभण राहिलेली छोटी कुत्री विताना अडू शकते.

गावात राहताना

गोचिडांसाठी गुरांना लावायचं औषध अंदाजानं कुत्र्यावर ओतण्याची चाल गावोगाव आहे. पाच किलोच्या कुत्रीला ते विष ठरतं. लाळ गळणं, थरथर, झटके दिसले तर अंग साध्या साबणानं धुऊन, औषधाची बाटली सोबत घेऊन तातडीनं दवाखाना गाठा. रॉकेलही लावू नका. कुत्र्यांसाठी वेगळं औषध मिळतं, ते वजनाप्रमाणे घ्या. कपाशी-सोयाबीनच्या फवारणीचे रिकामे डबे, उंदराचं औषध दोघांच्या तोंडापासून दूर ठेवा.

पोळ्याची मिरवणूक, लग्नाची वरात, डीजे आणि दिवाळीचे फटाके यांच्या आधीच चिमीला आतल्या खोलीत घ्या. दारं-खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. ती तुमच्याजवळ आली तर जवळ घ्या. धीर दिल्यानं भित्रेपणा वाढत नाही.

एप्रिल-मेच्या उन्हात दाट केसांचं कुत्रं लवकर गळतं. फिरणं पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. केस मुळापासून भादरू नका, रोज विंचरा.

घरातल्या कुत्र्यानं ओरखडलं किंवा चावलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. पिल्लाला रक्ताचे जुलाब, सतत उलटी झाली, किंवा दोघांपैकी कुणी दिवसभर तोंडाला अन्न लावलं नाही, तर उद्यावर ढकलू नका.

किती दिवस लागतील

दत्तक कुत्र्यांबाबत ढोबळ हिशेब असा सांगतात: भांबावलेपण ओसरायला तीन दिवस, दिनक्रम कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. बुजऱ्या कुत्रीला याहून जास्तही लागतील. दोघं कुशीत कुशी घालून झोपली तरच जमलं, असं नाही. चिमी वाघ्यासमोर निवांत जेवते, त्याच्या बाजूनं शेपूट वर ठेवून जाते, नको असेल तेव्हा उठून आपल्या कोपऱ्यात जाते आणि तो मागे जात नाही, एवढं झालं की दोघांचा संसार लागला.

आणि सगळं करूनही नाहीच जमलं, तर तिच्यासाठी दुसरं चांगलं घर शोधा. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर सोडून येणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि आधीच घरं बदललेल्या जिवाशी तो विश्वासघातही आहे.

चिमी यायची असेल तर त्याआधी घरातल्या लहानथोरांना एकत्र बसवून तीन गोष्टी ठरवून टाका: तिच्या कोपऱ्यात कुणी हात घालणार नाही, जेवण कायम वेगळं, आणि वाघ्याला आवरायचं काम माणसाचं, तिचं नाही. या तीन गोष्टी घरातल्या प्रत्येकानं पाळल्या, तर बाकीच्या चुका सावरता येतात.